गावाची वेस उघडताना: आधी काय, मग काय आणि किती थांबून

प्रश्न थोडक्यात असा आहे: आमचं गाव लहान, आडबाजूला. साथ सुरू झाली तेव्हा वेशीवर अडसर लावून आम्ही गाव बंद केलं आणि बऱ्यापैकी वाचलो. आता वरून निर्बंध टप्प्याटप्प्यानं उठताहेत. गावातले निम्मे लोक म्हणतात, सगळं उघडा, पोट कसं भरायचं? निम्मे म्हणतात, अडसर काढलात तर म्हातारी माणसं जातील. आधी काय उघडावं, किती थांबावं आणि पुन्हा रुग्ण निघाले तर काय करावं?

दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे. म्हणूनच वाद ‘उघडायचं की नाही’ यावर घालू नका. ते ठरवणं गावाच्या हातात फार काळ राहत नाही. कुणाला दवाखान्यात जावं लागतं, कुणाचा मुलगा परततो, माल बाहेर न्यावा लागतो आणि वेस आपोआप उघडते. गावाच्या हातात दोनच गोष्टी असतात. बाहेरून आजार आला, तर तो किती दिवसांत लक्षात येईल? आणि ज्याला धाप लागेल, त्याला ऑक्सिजनपर्यंत किती तासांत पोचवता येईल? या दोन्हींचं नेमकं उत्तर ज्या गावाकडे आहे, त्यानं उघडावं. ज्याच्याकडे नाही, त्यानं आधी ते तयार करावं, तारीख काहीही असो. ग्रामीण आरोग्यात इतकी वर्षं काम केल्यावर माझं मत यावर पक्कं झालं आहे, आणि पुढचं सगळं या दोन प्रश्नांना धरूनच आहे.

गाव दूर असलं की आजार उशिरा येतो, पण मदतही उशिराच येते. म्हणजे अंतरामुळे मिळतो तो फक्त वेळ. त्या वेळेचं काय केलं, यावर पुढचं सगळं ठरतं. 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत ‘तालून’ नावाचं जहाज 7 नोव्हेंबरला प्रशांत महासागरातल्या पश्चिम सामोआ या बेटांवर, आपिया बंदरात लागलं. आजारी प्रवासी उतरू दिले गेले. काही आठवड्यांत सुमारे 8,500 माणसं गेली, म्हणजे लोकसंख्येच्या एक-पंचमांशाहून जास्त. शेजारच्याच अमेरिकन सामोआत गव्हर्नर जॉन पोयर यांनी जहाजांवर कडक विलगीकरण लावलं होतं. तिथे या साथीनं एकही मृत्यू झाला नाही. हे उदाहरण सगळे देतात, पण मला त्याच बेटांची शंभर वर्षांनंतरची गोष्ट जास्त उपयोगाची वाटते. 2020 मध्ये अमेरिकन सामोआनं पुन्हा दारं बंद केली, पण या वेळी बंद काळात लसीकरण करून घेतलं. 2022 च्या सुरुवातीला कोव्हिड बेटांवर पसरलाच. मात्र तो लस घेतलेल्या लोकांमध्ये पसरला.

उलट अनुभवही आहेत. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात गनिसन नावाचं डोंगरातलं गाव आहे. 1918 मध्ये त्यांनी रस्ते अडवले, रेल्वेतून उतरणाऱ्यांना वेगळं ठेवलं आणि सगळ्यात भयंकर लाट टाळली. फेब्रुवारी 1919 मध्ये अडसर निघाले आणि वसंतातल्या पुढच्या लाटेत तिथेही माणसं आजारी पडली. ऑस्ट्रेलियात मार्च 2020 मध्ये दुर्गम आदिवासी वस्त्यांमध्ये बाहेरच्यांच्या प्रवेशावर बंदी आली. पहिलं वर्ष बरं गेलं. पण ऑगस्ट 2021 मध्ये विल्कॅनिया या छोट्या गावात आजार शिरला, तेव्हा घरं माणसांनी भरलेली होती, लसीकरण कमी झालेलं होतं आणि आजाऱ्यानं वेगळं राहायचं तर जागाच नव्हती. लोकांनी अंगणात तंबू ठोकले. फिरती घरं आणली गेली ती नंतर. दीड वर्ष हातात होतं आणि त्यात वेगळं राहायच्या चार खोल्याही तयार झालेल्या नव्हत्या.

तेव्हा अडसर काढण्याआधी तुमच्याकडे काय तयार आहे ते बघा. पहिलं, आजार कळण्याची सोय. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, घरं मोजून घेतलेली माणसं लागतात. वीस-पंचवीस घरांमागे एक व्यक्ती, शक्यतो त्याच वस्तीतली आणि स्त्री असेल तर उत्तम, कारण घराच्या आत काय चाललंय हे तिला सांगितलं जातं. आठवड्यातून दोनदा तिनं दारातूनच विचारायचं: कुणाला ताप, खोकला, जुलाब, वास न येणं, नेहमीपेक्षा जास्त थकवा आहे का? कोण बाहेरून आलं? कोण बाहेर जाऊन आलं? कुणाचा मृत्यू झाला का? हे साध्या वहीत लिहायचं. त्या वहीतून गावाला जे कळतं, ते तालुक्याच्या आकड्यांतून आठ-दहा दिवस उशिरा कळतं.

माझा स्वतःचा ठोकताळा असा की, एका आठवड्यात एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन घरांत ताप दिसला, तर नवीन काहीही उघडायचं नाही आणि त्याच दिवशी तपासणीची मागणी करायची. एकाच घरातली तिघं आजारी असतील तर काळजी वेगळी, ती त्या घरापुरती. वेगवेगळ्या वाड्यांवरची तीन घरं म्हणजे आजार गावात फिरू लागला आहे.

पण ही वही खरी कधी राहते? ताप सांगितल्यावर घराचं नुकसान होत नसेल तेव्हाच. हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. आजारी घराच्या दाराला पत्रे ठोकले, भिंतीवर मोठा कागद चिकटवला, मोबाइलवर नावं फिरवली, की दुसरं घर ताप सांगत नाही. शेतकरी घराची अडचण तर शहरातल्या सूचनांमध्ये कुठेच नसते. चौदा दिवस घरात बसायचं तर गुरांना चारा-पाणी कोण करणार? दूध कोण काढणार, ते नेणार कोण? पाण्याची पाळी आली तर पिकाला पाणी कोण देणार? कापणीला आलेलं पीक थांबत नाही. मी पाहिलं आहे की विलगीकरण मोडणारी बहुतेक माणसं बेफिकीर नसतात, ती गोठ्याकडे निघालेली असतात. म्हणून हे काम बघणाऱ्या गावच्या समितीनं पहिल्याच सभेत नावानिशी ठरवावं: अमुक घर बंद झालं तर त्यांची गुरं अमुक बघेल, पाण्याची पाळी अमुक सांभाळेल, शिधा दारात पोचेल, आणि मजुरीवर जगणाऱ्या घराला बुडालेल्या रोजाचा काही भाग तरी गावाच्या निधीतून मिळेल. हे ठरलं की ताप सांगणाऱ्यांची संख्या वाढते. काही लोक त्याला रुग्ण वाढले असं समजून घाबरतात. तसं नसतं, लपलेले दिसू लागलेले असतात.

दुसरी तयारी श्वासाची. कोव्हिडसारख्या आजारात माणूस बोलत-चालत असतो आणि रक्तातला ऑक्सिजन उतरलेला असतो. गावात दोन-तीन चांगले ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून हा ऑक्सिजन मोजायची यंत्रं, आणि ते नीट वापरणाऱ्या व्यक्ती हव्यात. बोट गरम हवं, नखाला रंग नको, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. 94 टक्क्यांच्या खाली आकडा टिकला तर डॉक्टरांना फोन आणि निघायची तयारी, 90 च्या खाली असेल तर लगेच निघायचं. आकडा चांगला आहे पण शंका आहे, आणि रुग्णाला बसल्या जागी धाप लागत नाही, तर खोलीतल्या खोलीत सहा मिनिटं चालवून पुन्हा बघायचं. आकडा तीन-चार अंकांनी उतरला तर तो धोक्याचा इशारा समजायचा. एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. हे यंत्र गडद त्वचेच्या माणसांमध्ये कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, हे 2020 मध्ये अभ्यासातून पुढे आलं. म्हणून आकडा 95 आहे पण माणूस एक वाक्य पूर्ण करताना दोनदा थांबतोय, तर माणसावर विश्वास ठेवा. बहुतेकांचा श्वास बिघडतो तो लक्षणं सुरू झाल्यानंतर पहिल्या आठवड्याच्या शेवटी किंवा दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला. ताप उतरला म्हणून पाचव्या दिवशी मोजणं बंद करू नका, खरी मोजायची वेळ तेव्हा सुरू होते.

ऑक्सिजनचा हिशेबही आधीच करून ठेवायचा. मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे 7,000 लिटर वायू असतो. मिनिटाला 5 लिटर दिला तर तो साधारण 23 तास पुरतो. छोटा 1,500 लिटरचा सिलिंडर त्याच वेगानं पाच तास पुरतो. तुमचं रुग्णालय रस्त्यानं तीन तासांवर असेल, तर छोटा सिलिंडर रस्ता पार करून देतो, पण तिथे पोचल्यावर खाट मिळेपर्यंतची वाटही त्यातच धरा. कॉन्सन्ट्रेटर हवेतूनच ऑक्सिजन गोळा करतो, भरून आणावा लागत नाही, पण त्याला वीज लागते आणि बहुतेक लहान यंत्रं मिनिटाला 5 लिटरपर्यंतच देतात. ज्याला 15 लिटर लागतात, त्याला त्या यंत्रावर गावात अडकवून ठेवणं म्हणजे वेळ घालवणं आहे. गाडी येईपर्यंत रुग्णाला शक्य असेल तर पालथं किंवा कुशीवर झोपवा, त्यानं अनेकांना आराम पडतो.

गाडी कुणाची, रात्री दोन वाजता कोण चालवणार, डिझेल कोण भरणार, हे कागदावर नावासह हवं. चालकाला चांगला मास्क द्या आणि काचा खाली ठेवा. बाळंतिणीसाठी मात्र वेगळी गाडी ठरवा. साथीच्या काळात अडलेल्या बाईला गाडी न मिळणं हा साथीचाच बळी असतो, फक्त तो त्या आकड्यांत मोजला जात नाही.

औषधांबद्दल एवढंच: ताप आला की सगळ्यांना स्टेरॉइड आणि प्रतिजैविकं द्यायची घाई कुणालाही करू देऊ नका. 2020 च्या ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषध-चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं ऑक्सिजन लागणाऱ्या कोव्हिड रुग्णांचे जीव वाचवले. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना मात्र त्याचा फायदा झाला नाही. मधुमेह असलेल्याला तर उगाच दिलेलं स्टेरॉइड चांगलंच महागात पडतं.

आता क्रम. माझा क्रम असा: जे कधी बंदच व्हायला नको होतं ते आज सुरू करा, म्हणजे बाळांचं लसीकरण, गरोदर स्त्रियांची तपासणी, क्षयरोग, रक्तदाब आणि मधुमेहाची औषधं. मग शेतीची कामं आणि शेतमाल बाहेर जाण्याची वाट. मग लहान मुलांची शाळा. मग उघड्यावरचा बाजार. बंद जागेत जमून जे काही होतं, म्हणजे लग्नं, सभागृहातले कार्यक्रम, प्रार्थना, ते सगळ्यात शेवटी.

हा क्रम अनेकांना उलटा वाटतो, कारण गावात दबाव असतो तो लग्नाचा, शाळेसाठी कुणी समितीच्या दारात येत नाही. पण आजाराला चार गोष्टी आवडतात: बंद जागा, गर्दी, बराच वेळ आणि मोठा आवाज. 10 मार्च 2020 ला अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट खोऱ्यात गायकवृंदाचा अडीच तासांचा सराव झाला. 61 जण होते. त्यातले 50 हून अधिक आजारी पडले आणि दोघं गेले. कुणी निष्काळजी नव्हतं. एका बंद खोलीत सगळे मिळून गात होते, एवढंच. हीच माणसं शेताच्या बांधावर जमली असती तर बहुधा असं झालं नसतं. म्हणून जे उघड्यावर नेता येतं ते उघड्यावर न्या. पेरणी-कापणीच्या टोळ्या लहान ठेवा आणि रोज त्याच माणसांच्या ठेवा. आजार शिरला तरी तो एका टोळीत राहील. धोका शेतात कमी असतो, मजुरांना कोंबून नेणाऱ्या गाडीत जास्त असतो. तीच गाडी दोन फेऱ्या करू दे. तो खर्च कुणी करायचा हे मालकांशी आधी बोला.

बाजाराबद्दल एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. गिऱ्हाइकापेक्षा विक्रेता जास्त गावं फिरतो. आज इथे, उद्या तिथे. तसंच मालवाहू गाडीचा चालक, दूध गोळा करणारा, फिरता कारागीर, तीन शाळांत शिकवणारा शिक्षक, आणि आम्ही आरोग्य कर्मचारीसुद्धा. आजार एका गावातून दुसऱ्या गावात जातो तो अशा मोजक्या माणसांबरोबर. त्यांची यादी करा. मास्क, तपासणी आणि लस यांत वृद्धांच्या बरोबरीनं त्यांचा नंबर लावा, आणि हे त्यांच्यावरचा संशय म्हणून करू नका. त्यांच्याशिवाय गाव चालत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगून करा.

दोन टप्प्यांमध्ये किती थांबावं हे आजारावर ठरतं. कोव्हिडमध्ये संसर्गानंतर लक्षणं यायला पहिल्या काळात सरासरी पाच दिवस लागत, कधी चौदा. मग माणूस दोन-चार दिवस अंगावर काढतो, मग तपासणी होते, मग अहवाल येतो. म्हणजे आज उघडलेल्या गोष्टीचा परिणाम वहीत दिसायला दोन ते तीन आठवडे जातात. त्याआधी पुढचं पाऊल टाकलं तर कशामुळे वाढलं हेच कळत नाही. इन्फ्लुएन्झात हा काळ एक ते चार दिवसांचा, तिथे लवकर कळतं. इबोलात 21 दिवसांपर्यंत, म्हणून शेवटच्या रुग्णानंतर 42 दिवस, म्हणजे दोन पूर्ण कालावधी, एकही रुग्ण निघाला नाही तरच साथ संपली असं जाहीर करतात. नवीन आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून पहिल्याच दिवशी मागून घ्या आणि त्यावर आपलं वेळापत्रक बसवा. एका वेळी एकच गोष्ट उघडा. हे पाळणं फार अवघड जातं, कारण पहिला आठवडा शांत गेला की सगळ्यांचा धीर सुटतो.

पुन्हा रुग्ण निघाले तर काय, हे उघडण्याच्या दिवशीच सांगून टाका. ‘तीन घरांत ताप दिसला तर बाजार दोन आठवडे बंद, शाळा चालू राहील, आठ घरांत दिसला तर शाळाही उघड्यावर किंवा बंद.’ आकडे तुमच्या गावाच्या आकाराप्रमाणे ठरवा, पण आधी जाहीर करा आणि फळ्यावर लिहा. लोक कडक नियम सहन करतात. रोज बदलणारे नियम आणि माणूस बघून लावलेले नियम सहन करत नाहीत. पुढाऱ्याच्या घरचं लग्न दोनशे माणसांत झालं की त्या दिवसापासून गरिबाच्या घरच्या मयतीला वीस माणसांची अट कुणी मानणार नाही, आणि मानू नये असंच मला वाटतं.

मयतीचा विषय निघालाच आहे तर त्यावर थांबतो, कारण गावाचा विश्वास तिथे मोडतो किंवा टिकतो. 2014 ते 2016 च्या पश्चिम आफ्रिकेतल्या इबोला साथीत मृतदेहाला हात लागून आजार पसरत होता, त्यामुळे दफन सुरक्षित करणं भाग होतं. पण सुरुवातीला अनोळखी, अंगभर पोशाखातली माणसं येऊन देह उचलून नेत. घरच्यांना ना निरोप, ना कबर कुठे आहे ते माहीत. लोक आजारी लपवू लागले, देह रात्री गुपचूप पुरू लागले. भीती आणि अविश्वास किती टोकाला जाऊ शकतो ते सप्टेंबर 2014 मध्ये गिनीतल्या वोमे गावात दिसलं. जनजागृतीला गेलेल्या पथकातल्या आठ जणांना तिथे मारून टाकण्यात आलं. त्यानंतरच्या महिन्यांत जागतिक आरोग्य संघटनेनं दफनाची पद्धत सुधारली. सुरक्षेबरोबर सन्मान हा शब्द त्यात आला. कुटुंबाला विचारलं जाऊ लागलं, धर्मगुरू सोबत घेतले गेले, ठरावीक अंतरावरून विधी होऊ लागले. लायबेरियातल्या लोफा भागात गावकरी आणि स्थानिक पुढारी यांना बरोबर घेतल्यावर काम सोपं झालं. तुमच्या आजारात देहापासूनचा धोका कदाचित खूपच कमी असेल, मग निर्बंधही तेवढेच कमी हवेत. घरच्यांना चेहरा बघू द्या. आणि निर्बंध उठल्यावर, बंद काळात गेलेल्यांसाठी गावानं एकत्र, उघड्यावर, एक दिवस ठेवावा. ज्यांना नीट निरोप देता आला नाही त्यांचं दुःख आत साचून राहतं, पुढे ते झोप न येण्यात, दारूत, घरातल्या मारहाणीत निघतं. हे मी औषधोपचाराचाच भाग मानतो.

परतून येणाऱ्यांशी कसं वागावं? ते गावचेच आहेत, एवढं एकदा सभेत मोठ्यानं म्हणून टाका. 2020 च्या टाळेबंदीत भारतात एक कोटीहून अधिक कामगार शहरांतून घरी परतल्याचं सरकारनं संसदेत सांगितलं. त्यांच्या पैशावर ज्या घरांचा संसार चालत होता, त्याच गावांच्या वेशीवर काहींना अडवलं गेलं. बाहेरून येणाऱ्यानं काही दिवस वेगळं राहणं योग्यच आहे, पण ती जागा राहण्यासारखी हवी. दिवा, पाणी, संडास, स्त्रियांसाठी आतून लागणारी कडी, फोन चार्ज करायची सोय आणि दिवसातून एकदा विचारपूस. या सहा गोष्टी असल्या तर माणसं थांबतात, नसल्या तर पहिल्याच रात्री पळतात. सर्रास शाळेची इमारत यासाठी घेतात. मग शाळा उघडायची वेळ आली की जागा नाही, आणि पालकांच्या मनात त्या खोल्यांची भीती बसलेली असते. दुसरी जागा बघा.

लहान घरांतली म्हातारी माणसं हा खरोखर अवघड प्रश्न आहे आणि त्यावर पूर्ण समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. एका खोलीत सहा माणसं राहतात तिथे ‘वृद्धांना वेगळं ठेवा’ हे वाक्य निरर्थक आहे. जे जमतं ते असं: म्हाताऱ्याला हलवण्यापेक्षा आजारी पडलेल्या तरुणाला हलवा. गावात दोन-तीन मोकळ्या खोल्या असल्या तर त्या त्याच्यासाठी. तेही शक्य नसेल तर वृद्धाची खाट खिडकी-दारापाशी, हवा खेळती, आजाऱ्याला मास्क आणि जेवण वेगवेगळ्या वेळी. आणि लस. भूतान डोंगराळ देश आहे, तिथल्या अनेक वस्त्यांना पायीच जावं लागतं. तिथे 27 मार्च 2021 ला मोहीम सुरू झाली आणि दोन-अडीच आठवड्यांत पात्र प्रौढांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांना पहिली मात्रा मिळाली. त्यामागे गावोगावच्या याद्या आधीच तयार असणं आणि ओळखीचे स्वयंसेवक दारात जाणं होतं. तुमच्या वहीचा हा दुसरा उपयोग.

दूरच्या गावानं स्वतःकडे काय आहे ते नीट बघावं. डेन्मार्कच्या अखत्यारीतल्या फॅरो बेटांवर माशांचे रोग तपासणारी पशुवैद्यकीय प्रयोगशाळा होती. तिथल्या शास्त्रज्ञानं ती माणसांच्या तपासणीसाठी वेळेत तयार केली. भरपूर तपासणी झाली आणि पहिल्या लाटेतले 187 रुग्ण सगळेच्या सगळे बरे झाले. तुमच्याकडे प्रयोगशाळा नसेल. पण गुरांचे डॉक्टर, लसीचा बर्फ सांभाळणारी परिचारिका, वायरमन, बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या बायका असतील. त्यांना समितीत घ्या.

पैशाचं थोडक्यात सांगतो. मदत लवकर आणि रोख मिळाली तर माणसं बैल आणि बियाणं विकत नाहीत. एकदा ते विकलं की निर्बंध उठून काही उपयोग नसतो, उघडलेल्या गावात त्यांच्याकडे करायला काही उरत नाही. टोगो या देशानं एप्रिल 2020 मध्ये मोबाइलवरून थेट रोख मदतीची योजना सुरू केली आणि पुढे उपग्रहचित्रं आणि फोनवापराची माहिती घेऊन सर्वांत गरीब ग्रामीण भाग शोधले. कल्पना चांगली, पण ज्याच्याकडे फोनच नाही तो यातही राहून जातो. गावातल्या अशा माणसांची नावं फक्त गावालाच माहीत असतात, ती वर कळवायचं काम समितीचं.

शाळेवर मी अडून बसतो. युनिसेफनं ऑगस्ट 2020 मध्ये अंदाज दिला की किमान 46 कोटी 30 लाख मुलांपर्यंत दूरशिक्षण पोचूच शकलं नाही, आणि त्यातली चारपैकी तीन ग्रामीण भागातली किंवा सर्वांत गरीब घरांतली होती. मोठी मुलं कामाला लागतात आणि परत येत नाहीत, मुलींची लग्नं लावली जातात. सिएरा लिओनमध्ये इबोलामुळे शाळा काही महिने बंद राहिल्या, त्या काळात अनेक किशोरवयीन मुली गरोदर राहिल्या, आणि शाळा उघडल्यावर गरोदर मुलींना वर्गात बसायला मनाई झाली. ती मनाई मार्च 2020 मध्ये उठली. तुमच्या शाळेच्या पटावरची प्रत्येक मुलगी उघडण्याच्या पहिल्या आठवड्यात दिसली का, हे समितीनं स्वतः मोजावं. जी दिसली नाही तिच्या घरी जावं. वर्ग झाडाखाली भरवा, पाळ्या करा, अभ्यासक्रम मागे पडू द्या, पण मुलं रोज शाळेत येऊ द्यात.

आणि ज्या आजारांकडे कुणाचं लक्ष नव्हतं, त्यांच्याकडे वळा. 2019 मध्ये जगात 71 लाख नवे क्षयरुग्ण शोधले गेले होते, 2020 मध्ये 58 लाखच. उरलेले बरे झालेले नव्हते, ते खोकत घरीच होते, आणि त्या वर्षी क्षयाचे मृत्यू दहा वर्षांहून अधिक काळानंतर प्रथमच वाढले. 2021 मध्ये जगभरात अडीच कोटी बालकांच्या मूलभूत लसी अपुऱ्या राहिल्या किंवा अजिबात मिळाल्या नाहीत. गोवर अशा फटीतून येतो आणि तो कोव्हिडपेक्षा कितीतरी वेगानं पसरतो. म्हणून तापाच्या वहीत आणखी दोन रकाने आखा: दोन आठवड्यांहून जास्त खोकला, आणि लस राहिलेलं बाळ. ही दोन कामं पहिल्या महिन्यात होतात, बाजार उघडण्याची वाट बघावी लागत नाही.

आजारातून उठलेल्यांपैकी काहींना महिनोन् महिने थकवा राहतो. मजुरीवर जगणारा माणूस ते सांगत नाही, कामावर जातो आणि कोसळतो. मुकादमांना हे सांगून ठेवा आणि काही आठवडे अशा लोकांना हलकं काम द्या.

रुग्ण महिनाभर निघाले नाहीत तरी वही बंद करू नका, फक्त फेऱ्या आठवड्यातून दोनवरून एकवर आणा. कॉन्सन्ट्रेटर महिन्यातून एकदा तासभर चालवून बघा, फिल्टर धुवा. ऑक्सिमीटर ठेवून देताना बॅटऱ्या बाहेर काढा. रात्रीच्या गाडीच्या यादीतली नावं दर तीन महिन्यांनी तपासा, कारण माणसं गाव सोडतात, गाड्या विकल्या जातात. आणि समिती बदलली तर वह्या, याद्या, किल्ल्या कुणाकडे आहेत हे लिहून, दोघांच्या सह्या घेऊन नव्या समितीच्या हातात द्या.